उसन्या स्की, गंमत म्हणून शर्यत आणि सुवर्णपदक: लेडेत्स्काच्या फॉरवर्डमधलं किती खरं?

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की पालकांच्या ग्रुपवर एक गोष्ट हमखास फिरते. थोडक्यात ती अशी: झेक प्रजासत्ताकाची एस्तेर लेडेत्स्का ही खरं तर स्नोबोर्डवाली. 2018 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ती सहज, गंमत म्हणून स्कीच्या शर्यतीत उतरली. स्वतःच्या स्कीसुद्धा नव्हत्या, त्या एका अमेरिकन खेळाडूकडून मागून घेतल्या. टीव्हीवाल्यांनी दुसरीलाच विजेती ठरवून टाकलं होतं. मग सगळ्यात शेवटी ही आली आणि सुवर्ण घेऊन गेली. आठवड्याने स्नोबोर्डचंही सुवर्ण जिंकून दोन खेळांत ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी ती जगातली पहिली व्यक्ती ठरली. तात्पर्य: तयारी, साधनं, अनुभव सगळं गौण, आत्मविश्वास हवा.

शर्यत खरी आहे, पदकंही खरी आहेत. पण या दोहोंच्या मधे जे भरलंय त्यातलं निम्मंअधिक एकतर चुकीचं आहे किंवा अशा बेताने सांगितलंय की अर्थ उलटा व्हावा. शिवाय ज्या मुलीने दोन खेळांचा सराव वर्षानुवर्षं एकाच अंगावर ओढला, तिचीच गोष्ट ‘तयारी लागत नाही’ हे सांगायला वापरायची, हे मला तरी पटत नाही.

आधी स्की घेऊ, कारण लोकांना तोच भाग सर्वांत जास्त आवडतो.

त्या जोडीबद्दल बातम्यांत आलं होतं ते असं की ती आधी अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनसाठी होती. शिफ्रिन आणि लेडेत्स्का दोघीही अ‍ॅटॉमिक या ऑस्ट्रियन कंपनीच्या स्की वापरणाऱ्या. शिफ्रिन त्या दिवशीच्या सुपर-जीमध्ये, म्हणजे लेडेत्स्काने जिंकलेल्या वेगाच्या स्की शर्यतीत, नव्हती, तिने ती सोडली होती. आता ‘उसन्या’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शेजारणीकडून मागून आणलेली वस्तू येते. या स्तरावर तसं चालत नाही. स्की कंपनी देते. वेगाच्या शर्यतींत उतरणाऱ्या मोठ्या खेळाडूकडे एकाच प्रकारासाठी डझनांनी जोड्या असतात. दिसायला सगळ्या सारख्या, पण बर्फावर एकही दुसरीसारखी धावत नाही. स्कीच्या तळावर दगडी चाकाने अगदी बारीक रेघा पाडलेल्या असतात, तळाखालचं पाणी निघून जावं म्हणून. थंड कोरड्या बर्फाला एक नक्षी, ओलसर बर्फाला दुसरी. त्यावर वॅक्सचे थर चढवायचे, खरवडायचे, घासायचे, परत चढवायचे. पोलादी कडांचा कोन वेगळा. हे सगळं करणारा स्वतंत्र माणूस असतो आणि कुठली जोडी कुठल्या तापमानाला कशी धावली याची नोंद त्याच्याकडे असते. आपल्याकडे कोऱ्या बॅटपेक्षा ठोकून तयार झालेली बॅट हातात यावी असं फलंदाजाला वाटतं, तसंच इथे मुरलेल्या जोडीचं मोल असतं. म्हणजे शिफ्रिनसाठीची जोडी मिळणं ही गैरसोय नव्हती, झाला तर फायदाच होता. आणि नियमाने महिलांच्या सुपर-जीची स्की किमान 205 सेंटिमीटर लांब आणि तिच्या कडेच्या वळणाची त्रिज्या किमान 40 मीटर असावी लागते, त्यामुळे ‘हिच्या मापाची नव्हती’ हाही मुद्दा उरत नाही. खेळाडूची खरी खासगी वस्तू म्हणजे बूट. पायाच्या हाडांप्रमाणे ते घासून, ताणून बसवलेले असतात. बूट कुणी कुणाचे घालत नाही. बूट तिचेच होते.

आता ‘स्नोबोर्डवाली मुलगी गंमत म्हणून उतरली’ या वाक्याकडे येऊ. मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

ऑलिंपिकच्या अल्पाइन, म्हणजे डोंगरउतारावरच्या स्कीमध्ये गंमत म्हणून उतरता येत नाही. आधी पात्रता लागते, तीही आंतरराष्ट्रीय शर्यतींतल्या गुणांवर. लेडेत्स्का वयाच्या दुसऱ्या वर्षापासून स्कीवर आहे आणि स्नोबोर्ड तिच्या आयुष्यात त्यानंतर, पाचव्या वर्षी आला. क्र्कोनोशे डोंगररांगेतलं श्पिंडलेरूव म्लीन हे तिच्या लहानपणीच्या उतारांचं गाव. स्नोबोर्डमध्ये मोठं यश आधी आलं, 2015 साली ती समांतर स्लॅलमची (दोघी शेजारी-शेजारी वळणं घेत उतरतात ती शर्यत) विश्वविजेती झाली, म्हणून जगाने तिला त्या खणात टाकलं, इतकंच. फेब्रुवारी 2016 मध्ये गार्मिश-पार्टेनकिर्शनला ती स्कीच्या वर्ल्डकपमध्ये, म्हणजे हंगामभर चालणाऱ्या शर्यतींच्या मालिकेत, पहिल्यांदा उतरली आणि डाउनहिल या सर्वांत वेगवान प्रकारात चोविसावी आली. वर्ल्डकपमध्ये पहिल्या तिसांनाच गुण मिळतात, म्हणजे पहिल्याच दिवशी तिच्या खात्यावर गुण होते. 2017 च्या फेब्रुवारीत ती सेंट मॉरिट्झला स्कीच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत होती, आणि मार्चमध्ये स्पेनच्या सिएरा नेवाडात स्नोबोर्डच्या जागतिक स्पर्धेत, जिथे तिने एक सुवर्ण आणि एक रौप्य घेतलं. ऑलिंपिकच्या दोनच महिने आधी, डिसेंबर 2017 मध्ये, कॅनडातल्या लेक लुईसच्या डाउनहिलमध्ये ती सातवी होती. जगातल्या सर्वांत वेगवान बायकांत सातवी. याला गंमत म्हणायचं तर मग गंमत कशाला नाही म्हणायचं?

प्यॉंगचँगमधलाच, म्हणजे 2018 च्या ऑलिंपिकमधलाच, तिचा आठवडा बघा. सुपर-जीच्या दोन दिवस आधी ती जास्त वळणांच्या जायंट स्लॅलम या स्की शर्यतीत उतरली होती, तेविसावी आली. हे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. सुपर-जी जिंकल्यावर चार दिवसांनी डाउनहिल होती. सुवर्णाच्या लाटेवर स्वार होऊन ‘बघू या काय होतं ते’ म्हणणारी मुलगी तिथेही उतरली असती. तिने डाउनहिल सोडली, कारण स्नोबोर्डच्या सरावाला वेळ हवा होता.

साधनांचंही बोलून टाकू. घर खेळाडूंचं. आईचे वडील यान क्लापाच हे चेकोस्लोव्हाकियाचे आइस हॉकीपटू, 1964 चं कांस्य आणि 1968 चं रौप्य अशी ऑलिंपिक पदकं त्यांच्या नावावर, शिवाय 1972 चं विश्वविजेतेपद. आई फिगर स्केटर. वडील यानेक लेडेत्स्की तिकडचे नावाजलेले गायक. 2018 मध्ये तिच्याबरोबर स्कीचा प्रशिक्षक वेगळा आणि स्नोबोर्डचा वेगळा होता. फाटक्या परिस्थितीतून वर आलेली मुलगी हा रंग कुणीतरी मागाहून लावलाय. एक गोष्ट मात्र फॉरवर्डवाल्यांना सापडली नाही आणि ती खरी आहे: लहानपणापासून तिला दोन्हींपैकी एक निवड असं सांगणारे प्रशिक्षक भेटले आणि तिने खेळ सोडण्याऐवजी प्रशिक्षक बदलले. हे तिनेच मुलाखतींत सांगितलंय.

‘सगळ्यात शेवटी आली’ हेही नाही. तिचा बिब, म्हणजे उतरण्याचा क्रमांक, 26 होता आणि तिच्यामागे आणखी खेळाडू होत्या. क्रमवारीतल्या अव्वल वीस जणी आधी धावतात, म्हणून तोवर निकाल लागल्यात जमा धरण्याची सवय सगळ्यांनाच असते. एरवी ती बरोबरही ठरते, कारण जितक्या जास्त जणी उतरतील तितका मार्ग उखडत जातो, मार्ग दाखवणाऱ्या खांबांपाशी, म्हणजे गेटपाशी, चर पडतात. पण थंडीत कडक राहिलेल्या बर्फावर मागून येणाऱ्याचं नुकसान कमी होतं. हे पूर्वीही घडलंय: 1993 साली वाल गार्देनाची डाउनहिल लिख्टेनस्टाइनच्या मार्कुस फोझरने 66 नंबरने उतरून जिंकली होती. त्याच्यापुढे 26 म्हणजे काहीच नाही.

सुपर-जीबद्दल एक सांगायलाच हवं, कारण त्यावरूनच या विजयाची मोठी मजा कळते. डाउनहिलमध्ये शर्यतीआधी त्याच मार्गावर सरावाच्या फेऱ्या मिळतात. सुपर-जीमध्ये एकही नाही. सकाळी फक्त पाहणी. खेळाडू स्की आडव्या धरून गेटच्या बाजूने हळूहळू घसरत खाली येतात, थांबतात, एखाद्या उंचवट्याच्या कडेला उभं राहून पलीकडे गेट कुठे दिसतंय ते बघतात, दोन पावलं वर चढून पुन्हा बघतात. मग वर गेल्यावर डोळे मिटून, तळहात स्कीसारखा डावा-उजवा वळवत अख्खा मार्ग मनात उतरून जातात. पुढे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासच्या वेगात जे काही करायचं ते या पाठांतरावर. जिला आयुष्यभर उतार वाचायची सवय आहे, तीही दोन वेगवेगळ्या साधनांवरून, तिला हा प्रकार मानवला यात मला तरी चमत्कार दिसत नाही. हे माझं मत, पण जो मुलगा आदल्या रात्री पुस्तक उघडतो त्याला हे उदाहरण लागू पडत नाही एवढं नक्की.

17 फेब्रुवारी 2018, सुपर-जीचं ठिकाण जोंगसन. वाऱ्यामुळे शर्यत उशिरा सुरू झाली. गतविजेती ऑस्ट्रियाची आना फाइट 1:21.12 वेळेवर पुढे होती, लिख्टेनस्टाइनची टीना वायराथर 1:21.22. लेडेत्स्का आली 1:21.11 ला. एक शतांश सेकंद. ताशी 100 किलोमीटर वेग धरला तर तेवढ्या वेळात माणूस 28 सेंटिमीटर सरकतो, म्हणजे शाळेच्या फूटपट्टीहूनही कमी. आणि गंमत म्हणजे चौथी आलेली लारा गुट कांस्यपदकालाही नेमक्या एकाच शतांशाने मुकली. तिच्यावर कुणी फॉरवर्ड लिहीत नाही. लेडेत्स्का खाली येऊन फलकाकडे बघत उभीच राहिली. तिला वाटलं घड्याळाची काहीतरी चूक आहे, आता दुरुस्त करतील. मग पत्रकार परिषदेत ती गॉगल न काढता बसली, कारण बाकीच्यांसारखी आपण समारंभाच्या तयारीने आलो नाही, चेहऱ्यावर मेकअप नाही, असं तिने सांगितलं. ‘तयारी नव्हती’ हे शब्द बहुधा इथून उचलले गेले असावेत. तयारी नव्हती ती मेकअपची.

टीव्हीचा भाग खरा आहे. अमेरिकेतल्या एनबीसीने फाइटला विजेती म्हणून जाहीर करून प्रक्षेपण फिगर स्केटिंगकडे वळवलं होतं आणि नंतर त्यांना मागे यावं लागलं. यात वाढवून सांगण्यासारखं काही नाही, तरी लोक ‘सगळ्या जगाने’ असं लिहितात. एका वाहिनीची घाई होती ती.

‘दोन खेळांत सुवर्ण जिंकणारी जगातली पहिली व्यक्ती’ हे तर सरळ चूक. 24 फेब्रुवारीला तिने स्नोबोर्डच्या समांतर जायंट स्लॅलममध्ये जर्मनीच्या सेलिना योर्गला हरवलं आणि एकाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन वेगळ्या खेळांत सुवर्ण मिळवणारी ती पहिली महिला झाली. महिला. पुरुषांत नॉर्वेच्या थोर्लिफ हॉगने 1924 साली शामोनीला क्रॉस-कंट्री स्की आणि नॉर्डिक कंबाइंड (स्की-उडी आणि क्रॉस-कंट्री मिळून) अशा दोन्हींत सुवर्ण घेतलं होतं, चार वर्षांनी त्याच्याच देशाच्या योहान ग्रोट्टम्स्ब्रोटेनने तेच केलं. आणि ‘एकाच ऑलिंपिकमध्ये’ ही अट काढली तर यादी आणखी वाढते: अमेरिकेचा एडी ईगन 1920 मध्ये मुष्टियुद्धात आणि 1932 मध्ये बॉबस्ले या बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीत सुवर्णविजेता आहे. ‘पहिली महिला’ एवढं म्हटल्याने तिचं काही कमी होत नाही, फॉरवर्डचं मात्र होतं बहुतेक.

कधीकधी याच गोष्टीची उलटी आवृत्तीही येते, की ते एक नशीब होतं, पुन्हा काही जमलं नाही. तेही ऐकून घेऊ नका. डिसेंबर 2019 मध्ये तिने लेक लुईसची वर्ल्डकप डाउनहिल जिंकली आणि स्की व स्नोबोर्ड दोन्हींत वर्ल्डकप शर्यत जिंकणारी पहिली खेळाडू झाली. पुढच्या डिसेंबरात वाल दिझेरची सुपर-जी. बीजिंग 2022 मध्ये स्नोबोर्डचं सुवर्ण राखलं, मग दुसऱ्या डोंगरावर जाऊन सुपर-जीमध्ये पाचवी आणि कंबाइंडमध्ये (डाउनहिल आणि स्लॅलम मिळून) चौथी. त्यानंतरचा हंगाम खांद्याजवळचं हाड मोडल्याने हातचा गेला. तरी 2025 च्या फेब्रुवारीत, ऑस्ट्रियातल्या झालबाखला, जागतिक स्पर्धेत डाउनहिलचं कांस्य.

दोन खेळ एकत्र करण्याची खरी किंमत सरावाच्या तासांपेक्षा वेळापत्रकात दिसते. मिलान-कोर्टिना 2026 मध्ये महिलांची डाउनहिल कोर्टिनाला आणि स्नोबोर्डची समांतर जायंट स्लॅलम लिविन्योला, दोन्ही 8 फेब्रुवारीला, म्हणजे एकाच दिवशी होत्या. त्यातलं एक सोडणं भागच होतं. तिने डाउनहिल सोडली, स्नोबोर्डवर उतरली आणि पदकाविना परतली. ते सुवर्ण तिच्याच देशाच्या झुझाना माडेरोवाला मिळालं. त्या दिवसाबद्दलचा फॉरवर्ड अजून तरी माझ्या कुठल्या ग्रुपवर आलेला नाही.