पाहुण्यांचे कप

गणपतीत मिरजेच्या एका मंडळापुढे कॉलेजच्या पोरांनी तुकोबांचा अभंग इलेक्ट्रिक गिटारवर वाजवला. दीड मिनिटाचा व्हिडिओ. आमच्या दहावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो पडला तेव्हा इकडे उत्तर आयर्लंडात, बेलफास्टात, रविवारची सकाळ होती आणि मी निळ्या बिनमध्ये पुठ्ठे कोंबत होते. आत येऊन फोन बघते तर सत्तेचाळीस मेसेज. विटंबना, संतांची थट्टा, गिटारच बडवायची तर इंग्रजी गाणी बडवा. मी एवढंच लिहिलं, ‘पोरगं सुरात होतं की.’ त्यावर, ज्याच्या वहीतून मी तीन वर्षं गणितं उतरवली त्या मित्राचं उत्तर आलं: ‘तू तिकडं बसून आम्हाला शिकवू नको.’

तिकडं. आठवडाभर हा शब्द घशात अडकून बसला. ग्रुपवर लांब लिहिलं तर कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहिते.

दादा सांगलीला इंजिनिअरिंगला होता तेव्हा कुणाकडून तरी एक कॅसेट भरून घेऊन आला होता. निळ्या पेनानं वर ‘गॅरी मूर’ एवढंच लिहिलेलं. अल्बमचं नाव ‘स्टिल गॉट द ब्लूज’ आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. आजी तांदूळ निवडत बसलेली असायची. तिनं दोन दिवस ती गिटार ऐकली आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, ‘कुणाचं गेलंय रे त्याच्या घरातलं?’ पुढे पुष्कळ परीक्षणं वाचली, पण इतकं नेमकं कुठे सापडलं नाही. आजीला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. सूर कुठे रडतो ते मात्र बरोबर कळायचं. दर उरुसाला दर्ग्यात रात्ररात्र गाणं ऐकत आलेली बाई ती.

गॅरी मूर बेलफास्टचा. जन्म १९५२. हे मला इथे नोकरी लागल्यावर कळलं आणि उगीचच वाटलं की ही खूण आहे. सोळाव्या वर्षी तो घर सोडून डब्लिनला गेला. पुढची वीस वर्षं कधी थिन लिझी नावाच्या बँडमध्ये, कधी स्वतःच्या नावावर, मोठ्या आवाजाचं हार्ड रॉक वाजवत राहिला. आणि मग १९९० साली, अडतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, सगळं बाजूला ठेवून त्यानं हा अल्बम काढला. बरीचशी गाणी दुसऱ्यांची, अमेरिकेतल्या काळ्या माणसांची, जुनी, ब्लूज म्हणतात ती. जोडीला थोडी स्वतःची. आणि तीन पाहुणे: अल्बर्ट किंग, अल्बर्ट कॉलिन्स, बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन.

हॅरिसनचं पटकन उरकते. त्यानं स्वतःचं एक गाणं दिलं आणि त्यात स्लाइड गिटार वाजवली. तो रविशंकरांकडे सतार शिकला होता, म्हणून सतारीच्या गावातल्या मला तो उगाच लांबचा नातेवाईक वाटतो. बाकी काही नाही.

मुद्दा दोन अल्बर्टांचा आहे. अल्बर्ट किंग तेव्हा साठी ओलांडलेला. धिप्पाड माणूस, डावखुरा, आणि उजव्या हाताची गिटार तशीच उलटी धरून वाजवणारा, म्हणजे जाड तारा खाली आणि बारीक वर. त्यामुळे तार वर ढकलायच्या ऐवजी तो खाली ओढायचा, आणि त्या ओढीतून निघणारा सूर सरळ गिटारवाल्यांना आयुष्यभर छळत राहिला. कॉलिन्स टेक्ससचा. टेलिकास्टर गिटार मायनर सुरावर लावलेली, कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, गळ्यापर्यंत चढवलेला, पिक नाही, नुसती बोटं. त्याचा सूर बर्फाच्या खड्यासारखा टणक आणि गार. मूरनं किंगला बोलावलं ते अशा गाण्यावर वाजवायला, जे किंगनं स्वतः १९६६ साली गाजवलं होतं. शिवाय त्याच्यावर रचलेलं एक वेगळं गाणंही अल्बममध्ये ठेवलं.

आता सांगा, यात पाहुणा कोण? कव्हरवर मूरचं नाव मोठं आणि किंगचं बारीक, म्हणून किंग पाहुणा? घर कुणाचं होतं? बेलफास्टचा पोरगा वीस वर्षं बाहेरच्या ओसरीवर घुटमळून शेवटी चपला काढून आत आला, आणि घरमालकाला म्हणाला, बसा ना. माझ्या मित्रांनो, मला त्या गणपतीतल्या पोरांत हे दिसलं. त्यांनी तुकोबांना पाहुणा म्हणून बोलावलं नव्हतं. ती पोरंच तुकोबांच्या दारात उभी होती.

ब्लूजच्या सोवळ्यातल्या लोकांनी मूरलाही नाकं मुरडलीच. फार जोरात वाजवतो, फार सूर कोंबतो. यातलं थोडं खरं आहे. किंग एक सूर ओढून थांबतो तिथे मूर अकरा वाजवतो. तरीही त्याच्या आयुष्यात सर्वांत जास्त खपला तो हाच अल्बम, आणि हात पोळल्यासारखा तो परतलाही नाही. १९९२ ला पुढचा काढला, त्यात बी. बी. किंग आणि पुन्हा कॉलिन्स. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अल्बर्ट किंग गेला, पुढच्या नोव्हेंबरात कॉलिन्स. म्हणजे बोलावणं अगदी वेळेत गेलं होतं.

ग्रुपवर एकीनं ‘हा बघा खरा अभंग’ म्हणून उत्तरादाखल व्हिडिओ टाकला होता. त्यात पहिलाच सूर पेटीचा. जिचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतलं गेलं आणि जिला आपल्याच रेडिओनं १९४० पासून १९७१ पर्यंत दाराबाहेर उभं ठेवलं, ती पेटी. हे मी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

आणि मिरजेनं शुद्धतेच्या गोष्टी कराव्यात? आपल्या गावाचं नाव जगात नेणारे अब्दुल करीम खाँ कुठले? उत्तरेतल्या कैरान्याचे. बडोदा, मुंबई, पुणे करत मिरजेत आले आणि मिरजेचेच झाले. म्हैसूरच्या दरबारात जाऊन कर्नाटकी सरगम ऐकून आले आणि ती आपल्या गाण्यात मिसळून टाकली. १९३७ साली मद्रासकडच्या एका रेल्वे स्टेशनावर गेले, तर त्यांना आणून पुरलं मिरजेच्या दर्ग्यात. सतारमेकर गल्लीतल्या घराण्यांचे पूर्वज मुळात हत्यारं घडवणारे शिकलगार. तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा ते तंबोऱ्याकडे वळले. त्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा याच ग्रुपवर तीन दिवस फटाक्यांच्या इमोज्या चालल्या होत्या. त्यातला भोपळाही पंढरपूरकडून येतो, हे जाता जाता.

इकडे असं नसतं, असं मी मित्राला सुनावणार होते. माझी मुलगी फिडल, म्हणजे इथल्या पद्धतीचं व्हायोलिन, शिकते. गुरुवारी सेशनला, म्हणजे सगळे मिळून वाजवायला बसतात तिथे, जाते, कोपऱ्यात बसते, ट्यून येत असली तर वाजवते, नसली तर ऐकते. तिला कुणी ‘तू कुठली’ विचारलेलं नाही, निदान फिडल हातात असताना तरी नाही. तिच्या शेजारचे आजोबा बुझुकी वाजवतात. ते वाद्य ग्रीसचं, साठच्या दशकात आयरिश संगीतात आलं, आणि आता ते नसलं तर सेशन अळणी वाटतं. किती सहज, किती मोठं मन.

हे वाक्य टाइप केलं आणि खिडकीबाहेर लॅम्बेग, म्हणजे इथल्या प्रोटेस्टंट मिरवणुकांतला भला मोठा ढोल, सुरू झाला. कुणीतरी पुढच्या वर्षीची तालीम आत्तापासून करत होतं. कुणाचा ढोल कोणत्या रस्त्यावरून जाणार हे ठरवायला या शहरात १९९८ पासून परेड्स कमिशन बसतं. बारा जुलैच्या मिरवणुकीच्या आदल्या रात्री आमच्या मागच्या मैदानात पॅलेट्सचा तिमजली ढीग पेटतो आणि आम्ही कुंड्या आत घेतो. रस्त्याच्या पाटीवर आयरिश अक्षरं असावीत की नसावीत यावर शेजारच्या दोन बायका आठ महिने बोलल्या नव्हत्या. तेव्हा ते वाक्य मी खोडलं. नंतर परत लिहिलं, कारण बुझुकीवाले आजोबा खरेच आहेत.

आणि आता सगळ्यात नको वाटणारी गोष्ट. मागच्या हिवाळ्यात ऑफिसातल्या मैत्रिणीनं मला एका योगा स्टुडिओत ‘कीर्तन’ ऐकायला नेलं. मेणबत्त्या, चटया, आणि एक भला माणूस डोळे मिटून गिटारवर ‘ओम नमाह् शिवाया’ म्हणतोय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. संपल्यावर मी त्याला गाठलं आणि शेवटचा ‘य’ कसा म्हणायचा ते चारदा म्हणून दाखवलं. ‘हे कीर्तन नाही’ असंही म्हणाले. बिचाऱ्यानं थँक्यू म्हटलं. परतीच्या बसमध्ये मैत्रीण हळूच म्हणाली, तो सुरात होता पण.

म्हणजे मी मिरजेत उदार आणि बेलफास्टात सोवळी. की इथे माझ्याकडे वाटायला दुसरं काही नाही, म्हणून तो एक ‘य’ घट्ट धरून बसते? मित्राला गिटारची भीती वाटते ती याहून वेगळी नसेल.

मित्रही स्वस्थ बसलेला नाही. मी गॅरी मूरचं कौतुक केल्यावर त्यानं शोधून काढलंच. म्युनिकच्या कोर्टानं २००८ मध्ये निकाल दिला की त्या अल्बमच्या शीर्षकगीतातला गिटारचा तुकडा ज्यूड्स गॅलरी नावाच्या जर्मन बँडच्या १९७४ च्या रचनेशी फारच जुळतो. आपण ती कधी ऐकलीच नव्हती, असं मूरचं म्हणणं. कोर्टाला ते पुरलं नाही. ‘तुझा पाहुणचार करणारा,’ मित्रानं लिहिलं, पुढे हसणारा चेहरा. माझ्याकडे उत्तर नाही. तीन पाहुण्यांची नावं छापली आणि चौथा न सांगता आत येऊन बसला असेल, तर ते यजमानालाही ठाऊक नसतं कधीकधी. आजी ज्याला रडणं म्हणायची तो नेमका तोच तुकडा, हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये.

मूर परत बेलफास्टला राहायला आला नाही. २०११ च्या फेब्रुवारीत स्पेनमध्ये सुट्टीवर असताना गेला, अठ्ठावन्न वर्षांचा. पुरलाय इंग्लंडात, ससेक्समधल्या रॉटिंगडीनच्या चर्चच्या आवारात. खाँसाहेब कैरान्याचे, मिरजेत. हा बेलफास्टचा, रॉटिंगडीनमध्ये. नवऱ्यानं परवा पेन्शनचे कागद भरताना सहज विचारलं, आपलं काय, इथलं रोझलॉनचं स्मशान का? मी म्हटलं, आधी चहा पी.

गेल्या डिसेंबरात मिरजेला गेले होते. पहाटे रेल्वेनं उतरले, दारात चपला काढल्या, तेच जोतं, तोच कडीचा आवाज. आईनं चहा टाकला आणि शोकेस उघडून सोनेरी काठाचे कप काढले. ते कप दादाच्या लग्नात आलेले, डॉक्टर किंवा व्याही आले तरच निघतात. मी म्हटलं, ‘आई, मला स्टीलच्या पेल्यातच दे की.’

‘असू दे गं,’ आई म्हणाली आणि कप पदरानं पुसला. ‘चार दिवसांसाठी आलीयेस.’