आधी सायकल, मग सिनेमा

शनिवारी संध्याकाळी चाळीसेक जणांबरोबर कोथरूडहून सायकल चालवत निघाले आणि नंतर एका सोसायटीच्या पटांगणात चादरीवर माहितीपट बघितला. हिरवा झेंडा नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, टी-शर्टवाटप नाही. एवढ्यावरच मी निम्मी खूश होते.

कर्वे रस्त्यावर सायकलनं उजवीकडे वळणं हे माझं जुनं दुखणं. १९८६ साली कॉलेजला जाताना हात दाखवायचा आणि वळायचं, संपलं. पुढेमागे सगळ्या सायकलीच असायच्या. आता हात दाखवला की मागचा आधी हॉर्न देतो आणि मग वेग वाढवतो. म्हणून हल्ली मी चौकात उतरते आणि सायकल ढकलत पलीकडे जाते.

शनिवारी तो चौक आला. सिग्नल लाल होता, थांबलो. मागे राहिलेली मंडळी एकेक करत येऊन मिळाली. माझ्या शेजारच्या बाईंच्या हँडलला भाजीची पिशवी, तिच्यातून कोथिंबीर बाहेर. मंडईतून परस्पर आल्या होत्या. हिरवा लागला आणि सगळ्या सायकली एकदम उजवीकडे वळल्या. मागे बस होती, ती थांबली. उपकार म्हणून नाही. दुसरं करणार काय?

मग पटांगण. सतरंज्या, डास, आणि वाऱ्यानं फुगणारी चादर. तिचा खालचा कोपरा विटेखाली दाबला होता, तरी पडद्यावरची माणसं मध्येच पोटातून वाकायची. लहानपणी गणपतीत रस्त्यावर पडदा बांधून सिनेमा दाखवायचे तेव्हा आम्ही उशिरा गेलो की पडद्यामागे बसायचो आणि सगळे हीरो डावखुरे दिसायचे. परवाही चार पोरं मुद्दाम मागे जाऊन बसली. उलटी अक्षरं वाचायची त्यांची पैज लागली होती.

माहितीपट होता टेड व्हाइट यांचा १९९२ सालचा 'रिटर्न ऑफ द स्कॉर्चर'. त्यात जॉर्ज ब्लिस नावाचा माणूस चीनमधली गोष्ट सांगतो. सिग्नल नसलेल्या चौकात सायकलवाले कडेला साठत जातात, पुरेसे झाले की सगळे मिळून निघतात आणि आडव्या गाड्या थांबतात. त्याला तो 'क्रिटिकल मास' म्हणतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत काही जण ऑफिस सुटल्यावर एकत्र सायकलनं निघाले, पुढे महिन्याचा शेवटचा शुक्रवार त्यासाठी ठरून गेला आणि त्या फेरीला हेच नाव चिकटलं.

घरी सोफ्यावर हे बघितलं असतं तर 'असं का, बरं' म्हणून सोडून दिलं असतं. पण तासाभरापूर्वी मी स्वतः तेच करून आले होते. कोथिंबीरवाल्या बाईंनी मला कोपरानं ढोसलं, "अहो, हे तर आपलंच की!"

म्हणून मला रविवारी सकाळी सहाला निघणाऱ्या सायकल रॅल्या पटत नाहीत. रिकाम्या रस्त्यावर कुणीही सायकल चालवेल. तब्येत, पर्यावरण, इंधनबचत, भाषणं सगळी खरी. पण त्यात सायकल म्हणजे व्यायामाचं यंत्र होऊन बसते आणि सोमवारी परत गच्चीत जाते. काढायचीच तर फेरी ऐन संध्याकाळच्या गर्दीत काढावी, जिथे आपणही ट्रॅफिकच आहोत हे सगळ्यांना दिसतं.

फॅमिली ग्रुपवर दिरांचा मेसेज आलाच: "वहिनी, तुमच्या वरातीमुळे आमचा एक सिग्नल गेला." एक. गाडीत एकटेच होते भाऊजी. (सिग्नल मात्र आम्ही एकही तोडला नाही. दोन पोरं निसटायला बघत होती, त्यांना तिथेच झापलं.)

साडेनऊला परत निघालो तेव्हा पुलापर्यंत सात जण होतो. मग एकेक जण आपापल्या गल्लीत वळला. तो चौक आला तेव्हा मी एकटीच. हात दाखवला, मागून हॉर्न आला. उतरले, आणि सायकल ढकलत झेब्रा क्रॉसिंगवरून पलीकडे गेले.