आपल्या पश्चात भांडण नीट चालावे म्हणून

चाळीस वर्षे नोकरी करून, घराचे हप्ते फेडून आणि मुदतठेवींच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आपण जे काही मागे ठेवणार आहात, त्याचे पुढे काय व्हावे हे लिहून ठेवा, असा आग्रह हल्ली बँकेतल्या कर्मचाऱ्यापासून जावयापर्यंत कोणीही धरू लागले आहे. या आग्रहाला आपण मुळीच बळी पडू नये. मिळकत काय, कोणीही मागे ठेवतो. दोन पिढ्यांना पुरेल असा दावा मागे ठेवण्यासाठी मात्र थोडे नियोजन लागते.

यातला मोठा धोका असा की मृत्युपत्र करणे फार सोपे आहे. भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे त्याला कोरा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीची सक्तीही नाही. आपली सही आणि त्या सहीच्या दोन साक्षीदारांच्या सह्या एवढ्यावर भागते. म्हणजे सकाळचा चहा आणि आंघोळ यांच्या मधल्या वेळात, शेजारच्या दोन गृहस्थांना हाक मारून, भल्या माणसाच्या हातून हे काम सहज उरकले जाऊ शकते. तेव्हा घरात कोणी विषय काढताच ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणून तो जागीच थांबवावा. आयुर्विम्याचे हप्ते तीस वर्षे भरताना हे अभद्र कसे जाणवले नाही, असे एखाद्या आगाऊ नातवाने विचारलेच, तर ते प्राप्तिकर वाचवण्यासाठी होते असे सांगावे.

लेखी काही ठेवले नाही तरी तोंडी वाटप मात्र सढळ हाताने करावे. थोरल्याला एकांतात सांगावे की डोंबिवलीचा फ्लॅट शेवटी तुझाच, कारण आम्हांला सांभाळतोस तू. धाकट्याचा परदेशातून फोन आला की त्याला सांगावे की लांब असलास म्हणून काय झाले, फ्लॅटमध्ये तुझा बरोबरीचा वाटा आहे. आईच्या पाटल्या दिवाळीला मुलीला आणि संक्रांतीला सुनेला कबूल कराव्यात. पत्नीला ‘माझ्यामागे सगळे तुझेच’ एवढे म्हणावे आणि थांबावे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे आपल्या मिळकतीत पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि आपली आई हयात असल्यास तीही, असे सगळे सारखेच वाटेकरी होतात, हा तपशील तिला सोसायटीच्या सचिवांकडून कळू द्यावा.

या संदिग्धतेचे मोल जाणकारांनाच कळते. मृत्युपत्र करून ते सर्वांना सांगून टाकणारा माणूस निकाल लागलेल्या मतदारसंघासारखा होतो, तिकडे पुन्हा कोणी फिरकत नाही. ज्याने काहीच ठरवलेले नाही त्याच्याकडे सगळे उमेदवार अधूनमधून येतात, गुडघ्यांची चौकशी करतात आणि पथ्याची फळे आणतात. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येते आणि शेवटचे तेवढे खरे धरले जाते, हे खरे असले तरी त्याची वाच्यता करू नये, कारण मग न करण्याला सबबच उरत नाही.

नामनिर्देशनाच्या बाबतीत मात्र उत्साह दाखवावा. सोसायटीच्या अर्जात थोरल्याचे नाव घालावे आणि आपण सगळी व्यवस्था केली आहे अशा समाधानाने तो अर्ज सर्वांना दाखवावा. सहकारी गृहनिर्माण संस्थेत नामनिर्देशित व्यक्ती वारस ठरेपर्यंत तात्पुरती सभासद असते, मालक होत नाही. कंपनीच्या शेअर्सबाबतही नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले आहे. थोरल्याला हे ठाऊक नसणे आणि धाकट्याला ठाऊक असणे, यातूनच खटला आकार घेतो.

खरी श्रीमंती मात्र गावाकडच्या जमिनीत आहे. सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव ‘एकत्र कुटुंब कर्ता’ म्हणून असेल, तर आपल्याला वडिलोपार्जित देणगी लाभली आहे असे समजावे आणि तिला हात लावू नये. वारसाने मिळालेला हक्क तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावा असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ सांगते. आजोबांना जाऊन पन्नास वर्षे झाली असल्यामुळे आता घाईचे कारण नाही. वारसनोंद न करता एकेक पिढी जाऊ दिली की दीड एकर कलमांच्या बागेला तेहतीस वाटेकरी सहज होतात, त्यांतले काही मुंबईत, काही बडोद्यात, आणि एक असा की जो रागावून गेला तो कोठे आहे हे कोणालाच माहीत नाही. फेरफाराची नोटीस निघाली की हाच प्रथम हरकत घेतो. बरे, समंजसपणे वाटून घेऊ म्हटले तर तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा प्रमाणभूत क्षेत्राहून, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान क्षेत्राहून, लहान तुकडा पाडू देत नाही. त्यामुळे जमीन एकसंध राहते, कलमे रानात जातात आणि आंबा माकडे उतरवतात.

मुलींविषयी बोलायचे तर वडिलोपार्जित मिळकतीत त्यांना मुलांसारखाच जन्मतः हक्क देणारी सुधारणा महाराष्ट्राने १९९४ मध्येच कायद्यात केली, २००५ मध्ये ती देशभर अधिक व्यापक झाली आणि वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाने स्पष्ट झाले. एवढी तयारी सरकारने करून ठेवली असताना आपण वेगळे काही लिहिण्याची गरजच काय? बाराव्याची भांडी घासून होण्याआधी भाऊ हक्कसोडपत्राचा मसुदा पुढे करतील, साडीचोळी होईल, आणि माहेर तुटू नये म्हणून ती दुय्यम निबंधकासमोर अंगठा टेकवील. तिने नाही म्हटले तर माहेर तुटल्याचा दोषही तिच्याच नावावर चढतो. त्याला फेरफार लागत नाही. निपुत्रिक विधवेने तर मृत्युपत्राचा विचार मनातही आणू नये, म्हणजे तिने स्वतः कमावलेला पैसा आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांकडे, उदाहरणार्थ आयुष्यात कधी न भेटलेल्या पुतण्याकडे, कायद्यानेच पोहोचेल.

बँकांनी अलीकडे जरा अडचण केली आहे. नोव्हेंबर २०२५ पासून खात्यावर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते आणि बेवारस ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ काढले. यावर उपाय म्हणजे खाती कोठे आहेत हेच न सांगणे. एक खाते जुन्या बदलीच्या गावी, एक पतपेढीत, डीमॅटचा पासवर्ड डोक्यात, आणि लॉकर एकट्याच्या नावावर.

गोव्यातील वाचकांचा मात्र इलाज नाही. तिथल्या कायद्याने पती-पत्नीची मिळकत सामान्यतः सामाईक असते आणि मुले असतील तर आपल्या वाट्यातला अर्धाच भाग मृत्युपत्राने हवा त्याला देता येतो, त्यामुळे मुलांना खेळवण्याचे क्षेत्र निम्म्यावर येते.

इतके सांगूनही कोणाला मृत्युपत्र करायचेच असेल, तर निदान ते नीट बिघडवावे. साक्षीदार आपल्याहून वयाने मोठे घ्यावेत, तारीख घालू नये, त्याप्रमाणे वाटप करून देणारा व्यवस्थापक नेमू नये, फ्लॅट ‘सर्वांना समान’ लिहून राहायचे कोणी ते मोघम ठेवावे, आणि एकुलती एक प्रत त्याच लॉकरमध्ये ठेवावी, जो उघडण्यासाठी वारस कोण हे आधी सिद्ध करावे लागेल.

उरलेली कलमे दहाव्याला घाटावर ठरतील. पिंडाला कावळा शिवेना झाला की थोरला हात जोडून ‘फ्लॅटचे मी पाहतो’ म्हणेल, धाकटा व्हिडिओ कॉलवरून ‘म्हणजे नक्की काय पाहतोस’ असे विचारील, मुलगी पाटल्यांचा विषय काढील, आणि भटजी घड्याळाकडे पाहत दर्भाचा कावळा करायला घेतील.