चालू मशीनवर आकडा

आमच्याकडे, यवतमाळच्या खेड्यापाड्यांत, चालू लाइनवर आकडा टाकणारा एखादा वस्ताद हटकून सापडतो. लांब बांबू, टोकाला वाकवलेली तार, पायात कोरडी चप्पल आणि भरपूर अंधार, एवढंच त्याचं भांडवल. गुन्हा आहे, जीवही जातो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मांडवात एकाएकी झालर लखलखली की ती कुठून पेटली, हे कोणी विचारत नाही. मी तेच काम पगारावर करतो. कायदेशीर, गच्चीवर, खुर्चीत बसून.

नोकरी पुण्यातल्या कंपनीची, मुक्काम गावातच. भलत्याच शहरात एक दणकट सर्व्हर ठेवलाय आणि त्याच्या पोटात आमच्या ग्राहकांची व्हर्च्युअल मशीनं, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभे केलेले खोटे कॉम्प्युटर, नांदतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २००७ पासून केव्हीएम नावाची सोय आहे, तिच्या जोरावर. असं मशीन चालू असतानाच त्यात नवं नेटवर्क कार्ड खुपसायचं, याला हॉटप्लग म्हणतात. कार्ड खोटं, खाच खोटी, तारही खोटी. रात्रीचं जागरण तेवढं खरं.

त्या दिवशी सरांचा फोन आला तो जेवणाच्या ताटावर. ग्राहकाच्या बिलिंगच्या मशीनला बॅकअपसाठी वेगळं नेटवर्क हवं होतं. "मशीन एक सेकंदही बंद करायचं नाही हं. हॉटप्लगच तर आहे, दोन मिनिटांचं काम!" दोन मिनिटांचं काम सांगणाऱ्या माणसानं ते स्वतः कधी केलेलं नसतं, हा माझा नोकरीतला अनुभव आहे. शिवाय ग्राहकाची ताकीद होती की मशीनच्या कायमच्या नोंदीत नवं कार्ड सोडून बाकी कशाला हात लावायचा नाही.

आमच्या घरी रेंज फक्त गच्चीवर, तीही पाण्याच्या टाकीला मोबाइल टेकवला तर. मोबाइल टाकीला, लॅपटॉप मांडीवर, कानाला मफलर. हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस, शेतीची लाइन त्या आठवड्यात रात्रीची. बाबा बॅटरी आणि काठी घेऊन निघालेच होते, पण गच्चीवर उजेड पाहून जिन्यात थांबले.

"काय करून रायला रे इतक्या रातच्यानं?"

"चालू मशीनमंदी कार्ड टाकून रायलो, बाबा."

"बंद करून टाक ना मंग. चालूत कायले हात घालतं?"

"बंद करू देत नाई ते."

"मंग आकडाच म्हन की!" असं म्हणून ते वरच आले आणि टाकीच्या ओट्यावर टेकले. लाइन यायला अजून वेळ होता.

मी व्हर्शची, म्हणजे अशी मशीनं हाताळायच्या हत्याराची, कमांड मारली. उत्तर आलं, पीसीआयची, म्हणजे कार्ड खोचायची, एकही खाच शिल्लक नाही.

आता ही खाचेची भानगड. केव्हीएमचं मशीन दोनपैकी एका घाटाचं बनतं. जुना घाट १९९६ च्या इंटेल ४४० एफएक्स चिपसेटचा. त्यात कार्ड सरळ बसवर, म्हणजे मशीनच्या मुख्य वाटेवर, बसतं, एसीपीआय नावाची यंत्रणा गेस्टला, म्हणजे आतल्या मशीनला, वर्दी देते आणि काम होतं. नवा घाट २००७ च्या क्यू ३५ चा, पीसीआय एक्सप्रेसवाला. ग्राहकाचं मशीन याच घाटाचं. त्यात चालू मशीनवर कार्ड घालायचं तर रूट पोर्ट नावाची खास खाच लागते आणि एका रूट पोर्टात एकच कार्ड बसतं. रिकामे पोर्ट मशीन घडवतानाच ठेवायचे असतात, कारण रूट पोर्ट काही चालूत टाकता येत नाही. म्हणजे मशीन बंद न करता कार्ड टाकण्यासाठी आधी मशीन बंद करून पोर्ट टाकायचा. हे मी सरांना सांगितलं. सर क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "बघ ना काहीतरी."

त्यातला विनोद असा की लिबव्हर्टच्या, म्हणजे व्हर्शमागच्या प्रोग्रामच्या, कायमच्या नोंदीत हेच कार्ड लिहा, ते पोर्टासकट आनंदानं लिहून घेतं. कागदावर जागाच जागा. अडतं ते चालू मशीनवर.

मग एखादं बिनकामाचं कार्ड उपटून जागा करावी म्हणून यादी काढली. पहिलंच सापडलं ते साउंड कार्ड! बिलिंगच्या सर्व्हरला! जीएसटी गाऊन दाखवणार होता की काय कोण जाणे. पण ते पोर्टात नव्हतं, थेट मूळ बसवर बसलं होतं, आणि तिथलं काही चालूत निघत नाही. शेवटी हाती लागलं यादृच्छिक आकडे पुरवणारं एक छोटं डिव्हाइस, आरएनजी. ते मात्र पोर्टात होतं. ग्राहकाची ताकीद होतीच, म्हणून ते फक्त चालू मशीनमधून काढायचं ठरलं. नोंदीत राहू दिलं.

आणि इथं मला त्या बटणाचं दर्शन झालं. पीसीआय एक्सप्रेसच्या नियमात खाचेशेजारी एक बटण असतं. कार्ड काढायचं तर माणसानं ते दाबावं, पाच सेकंद थांबावं, मग त्या खाचेची वीज जाते. चुकून दाबलं असेल तर त्या पाच सेकंदांत पुन्हा दाबावं, म्हणजे काढणं रद्द. व्हर्च्युअल मशीनला ना खाच, ना बटण, ना बोट. तरी आमचं जुनं क्यूएमयू, म्हणजे मशीनचं सोंग उभं करणारा प्रोग्राम, इमानेइतबारे ते नसलेलं बटण दाबतं आणि आतलं कर्नल इमानेइतबारे पाच सेकंद वाट पाहतं. लॉगमध्ये ओळ उमटली, बटण दाबलंय, पाच सेकंदांत वीज बंद.

"झालं का?" सर.

"थांबा सर."

"परत मार ना कमांड! अडकलं असेल!"

मी दोन्ही हात स्वेटरच्या आत घातले.

"काय म्हनते साहेब?" बाबा.

"परत दाब म्हनते."

"खांब्यावर माणूस असला का खालून बोंबलत नसतात," बाबा म्हणाले. सरांचा फोन स्पीकरवर होता. पलीकडे एकदम शांतता पसरली. पाच सेकंद सुखाचे गेले.

आरएनजी निघालं. जागा झाली. मी अटॅचची कमांड मारली, लाइव्ह आणि कॉन्फिग दोन्ही लावून. नुसतं लाइव्ह लावलं तर तो आकडाच. मशीन एकदा बंद झालं की कार्डाचा पत्ता नाही. कॉन्फिग लावलं की मीटर बसला समजा. बाबांना हा भाग लगेच पटला.

उत्तर आलं, कार्ड यशस्वीपणे जोडलं. सरांनी टाळ्या वाजवल्या. पण या वाक्याचा अर्थ बाहेरच्या सर्व्हरनं आपलं काम केलं, एवढाच असतो. आत शिरून पाहिलं तर कार्ड होतं खरं, ईएनपी६एस० नावाचं, ५२:५४:०० नं सुरू होणाऱ्या हार्डवेअर-पत्त्याचं, पण आडवं पडलेलं. आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, नाही. आतल्या नेटवर्क मॅनेजरला, म्हणजे नेटची जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, असं बजावून ठेवलेलं होतं की अनोळखी कार्डाला आपण होऊन नेट द्यायचं नाही. त्याचं बरोबरच आहे. मी त्याच्या नावानं प्रोफाइल लिहिलं, आयपी दिला, पिंग मारलं. गेलं. परतही आलं.

तेवढ्यात माझंच नेट गेलं, मोबाइल टाकीवरून घसरला होता. बाबांनी तो उचलून परत टेकवला आणि म्हणाले, "तुयी लाइन आली. मायीबी आली असन." काठी घेऊन ते उतरले. सरांना अहवाल धाडला: काम पूर्ण, मशीन क्षणभरही बंद नाही.

सकाळी बाबा अजून झोपलेले, मी चहाची पहिली बशी तोंडाला लावतोय, आणि सरांचा फोन. ग्राहकाच्या माणसानं ऑफिसात येताच अपडेट टाकले होते आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं होतं. कोणाला न विचारता.

"अरे, ते ईएनपी६एस० गायब आहे!"

गायब कसलं. नोंदीतलं आरएनजी आपल्या जुन्या पोर्टात परत येऊन बसलं होतं आणि नव्या कार्डाला लिबव्हर्टनं नोंदीत पुढचा पोर्ट दिला होता. नाव पोर्टावरून पडतं, म्हणून ते आता ईएनपी७एस० झालं होतं आणि माझं प्रोफाइल जुन्या नावाला हाका मारत होतं.

"सर, नाव बदलून देतो. पण मशीन एकदा बंद करायचंच होतं, तर काल रात्रीच..."

"ते सोड," सर म्हणाले. "ग्राहक विचारतोय, त्याच्या सर्व्हरला साउंड कार्ड कशाला दिलंय?"