मराठी संदेश इंग्रजी अक्षरांत लिहिणे खरोखर जलद आहे का?

आमच्या भागातल्या गावगटांमध्ये आणि बचत गटांच्या व्हॉट्सॲप समूहांमध्ये एक सल्ला पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा आहे: मोबाईलवर देवनागरीत लिहिण्यात वेळ फुकट जातो, कारण एकेका शब्दाला जास्त कळा दाबाव्या लागतात, जोडाक्षरे नीट उमटत नाहीत, मराठी टंकन मुळातच संथ आहे, म्हणून सरकारी परीक्षेतही त्याची अट इंग्रजीपेक्षा कमी ठेवली आहे, इंग्रजी अक्षरांत लिहिलेले मराठी सगळ्यांना कळते, आणि देवनागरीच हवी असेल तर माईकचे चिन्ह दाबून बोलावे, कीबोर्ड शिकण्यात अर्थ नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात महिला बचत गटाचे हिशेब आणि निरोप सांभाळते, रोज पंधरा-वीस संदेश लिहिते, आणि हा सल्ला जवळपास प्रत्येक मुद्द्यावर चुकीचा आहे असे माझे मत आहे. जिथे तो बरोबर आहे तेही पुढे सांगते.

पहिला मुद्दा कळांच्या संख्येचा आहे आणि तो मोजून तपासता येतो. देवनागरीतल्या प्रत्येक व्यंजनात ‘अ’ हा स्वर आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे तो वेगळा लिहावा लागत नाही. इंग्रजी अक्षरांत मात्र त्यासाठी बहुतेक वेळा ‘ए’ दाबावा लागतो. शिवाय ख, घ, छ, ध, भ यांसारखे महाप्राण वर्ण देवनागरीत एकेकच आहेत, तर इंग्रजीत त्यांना दोन आणि ‘छ’ला तर तीन अक्षरे लागतात. ‘खत’ लिहायला देवनागरीत दोन कळा लागतात, इंग्रजीत चार. ‘यवतमाळ’ला देवनागरीत सहा, इंग्रजीत आठ. ‘गडचिरोली’ला आठ विरुद्ध दहा. ‘चंद्रपूर’मध्ये अनुस्वार आणि हलन्त (अक्षराचा पाय मोडण्याचे चिन्ह) धरूनही आठच कळा होतात, इंग्रजीत दहा. ‘कापूस’ दोन्हीकडे पाच आहे. ‘शेतकऱ्यांना’ हा अवघड वाटणारा शब्दही देवनागरीत अकरा कळांत होतो आणि इंग्रजीत त्याला बारा लागतात. उलट उदाहरणेही आहेत, कारण ‘स्त्री’ किंवा ‘क्रांती’ अशा जोडाक्षरांच्या शब्दांना देवनागरीत जास्त कळा लागतात. पण शेतीच्या, घरच्या आणि बाजाराच्या रोजच्या शब्दांत अशांचे प्रमाण थोडे असते.

तरीही देवनागरीत लिहिताना हात अडखळतो हा अनेकांचा अनुभव खोटा नाही. त्याचे कारण कळांची संख्या हे नसून कळ शोधण्यात जाणारा वेळ हे आहे. इंग्रजी अक्षरांच्या जागा शाळेतल्या संगणकावर किंवा जुन्या फोनवर अनेकांच्या बोटांना माहीत झालेल्या असतात; देवनागरीच्या जागा कोणी कधी दाखवलेल्याच नसतात. त्यात काही कीबोर्डवर एखादा वर्ण कळ दाबून धरल्यावरच मिळतो, आणि दाबून धरण्याला साध्या दाबण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे अडचण सरावाची आहे, आणि ती सरावानेच जाते.

ज्यांना तेवढा सरावही नको असेल त्यांच्यासाठी एक मधला मार्ग आहे, ज्याचा या सल्ल्यात उल्लेखच नाही. गूगलच्या जीबोर्डसारख्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडताना दोन प्रकार दिसतात: एकात थेट देवनागरी अक्षरे असतात, तर दुसऱ्यात इंग्रजी अक्षरे दाबली की वरच्या पट्टीत देवनागरी शब्द येतात. दुसऱ्या प्रकारात बोटांची सवय जुनीच राहते आणि वाचणाऱ्याला मात्र देवनागरी मिळते. माझा स्वतःचा अनुभव असा की सुरुवात या प्रकाराने करावी, पण तिथेच थांबू नये. कारण वावर, धुरा, डवरणी, बंडी हे आपल्याकडचे शब्द त्या पट्टीत पुष्कळदा येत नाहीत, त्यांच्या जागी पुस्तकी मराठीतला भलताच शब्द येतो, आणि असा शब्द दुरुस्त करण्यात वाचवलेला सगळा वेळ परत जातो. असे शब्द थेट देवनागरी कीबोर्डवरून एकदा नीट लिहून फोनच्या वैयक्तिक शब्दकोशात साठवून ठेवले की पुढे ते सुचवले जाऊ लागतात.

जोडाक्षरे उमटत नाहीत, हा दुसरा मुद्दा अपुऱ्या माहितीतून आलेला आहे. जोडाक्षराचा नियम एकच आहे: पहिले व्यंजन, मग हलन्ताची कळ, मग दुसरे व्यंजन. क, हलन्त, ष असे दाबले की ‘क्ष’ होतो. ज, हलन्त, ञ असे दाबले की ‘ज्ञ’ होतो. रफारही याच नियमाने येतो, म्हणून ‘वर्धा’ लिहिताना आधी र, मग हलन्त, मग ध दाबावा. लोक खरे अडतात ते ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांच्यापाशी, आणि आपल्याकडे पऱ्हाटी (कपाशीचे झाड), शेतकरी व सरकारी कर्मचारी यांच्याविषयी लिहिताना ही अक्षरे सतत लागतात. साधा र, हलन्त आणि य घेतले तर ‘र्य’ होतो, म्हणजे ‘सूर्य’ किंवा ‘आचार्य’ यांतला. ‘पऱ्हाटी’साठी खाली टिंब असलेला ‘ऱ’ हा वेगळा वर्ण घ्यावा लागतो, जो बऱ्याच कीबोर्डवर ‘र’ दाबून धरल्यावर दिसतो. त्यानंतर हलन्त आणि पुढचे व्यंजन. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक आणि फोनसाठी ठरवलेल्या अक्षरांच्या यादीत, या ‘ऱ’ला स्वतंत्र स्थान दिलेले आहे. लग्नाच्या पंगतीसाठी ‘आचाऱ्यांना बोलवा’ असे लिहायचे असताना ‘आचार्यांना बोलवा’ असा निरोप गेला, तर स्वयंपाक्याऐवजी गुरुजींना बोलावणे जाईल. इंग्रजी अक्षरांत तर हा फरक दाखवण्याची सोयच नाही.

याच ओघात दुरुस्तीची एक सोय सांगते, कारण लिहिण्याचा निम्मा वेळ दुरुस्तीत जातो. मात्रा चुकली की अनेकजण पूर्ण शब्द पुसतात. त्याची गरज नसते. त्या अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून पुसण्याची कळ एकदाच दाबली की बहुतेक फोनवर फक्त मात्रा जाते आणि व्यंजन शिल्लक राहते. कर्सर बोटाने नेमक्या जागी नेणे जाड बोटांना किंवा शेतातून आलेल्या खरखरीत हातांना अवघड जाते. त्यासाठी जीबोर्डवर स्पेसच्या पट्टीवर बोट डावीकडे-उजवीकडे सरकवावे, म्हणजे कर्सर एकेक अक्षर सरकतो. पूर्ण शब्द पुसायचाच असेल तर पुसण्याच्या कळेवरून बोट डावीकडे ओढावे. या दोन हालचाली मी आमच्या गटातल्या बायकांना सर्वांत आधी दाखवते.

तिसरा मुद्दा सरकारी परीक्षेचा. राज्यातल्या लिपिक-टंकलेखक पदांसाठी मराठीला मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजीला ४० शब्द अशी अट असते, हे खरे आहे. पण त्यावरून मोबाईलविषयी काहीच सिद्ध होत नाही. ती अट टंकलेखन यंत्राच्या काळापासून चालत आलेली आहे. जुन्या यंत्रावर अक्षरे आकाराने जुळवावी लागत: अर्धे अक्षर घेऊन त्याला काना द्यायचा, आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दाबायची. मोबाईलच्या कीबोर्डवर अक्षरे उच्चाराच्या क्रमाने लिहिली जातात, आधी क आणि मग वेलांटी. हा उच्चारानुसारी विचार भारतीय लिप्यांसाठी १९८६ साली ठरवलेल्या इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीतही आहे, ज्यात मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला ठेवली आहेत. शिवाय मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच येतात. ‘ग्रामपंचायतीकडून’ हा आपला एक शब्द इंग्रजीत चार-पाच शब्दांचा होतो. अशा दोन भाषांचा वेग शब्द मोजून ताडणे योग्य नाही.

चौथा मुद्दा, म्हणजे इंग्रजी अक्षरांतले मराठी सगळ्यांना कळते हा, मला सर्वांत गंभीर वाटतो. आमच्या गटात एका सदस्येने इंग्रजी अक्षरांत निरोप टाकला होता: ‘उद्या’ आणि त्यापुढे बी, ए, एन, डी, आय, मग ‘आहे’. तिला ‘उद्या बंडी आहे’ असे म्हणायचे होते, म्हणजे तालुक्याच्या बाजाराला माल न्यायला बैलबंडी ठरली होती. निम्म्या जणींनी ते ‘उद्या बंदी आहे’ असे वाचले, बाजार बंद आहे असे समजल्या आणि तूरडाळीची पोती घरीच ठेवली. यात लिहिणारीचा दोष नाही आणि वाचणाऱ्यांचाही नाही. इंग्रजीतल्या एका ‘डी’मध्ये आपले द आणि ड दोन्ही बसवावे लागतात, ‘टी’मध्ये त आणि ट, ‘एन’मध्ये न आणि ण, ‘एल’मध्ये ल आणि ळ, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा फरक तर बहुतेक वेळा पुसलाच जातो. ‘जी, ए, डी, आय’ ही गाडी असेल, शेतावरचा गडी असेल किंवा गादीही असेल. कापूस वेचणीच्या दिवसांत ‘सकाळी गडी पाठवा’ आणि ‘सकाळी गाडी पाठवा’ यांतला फरक एका दिवसाच्या मजुरीएवढा असतो.

ज्यांचे शिक्षण चौथी-सातवीपर्यंत मराठी शाळेत झाले त्या बायका देवनागरी हळूहळू का होईना वाचतात, पण इंग्रजी अक्षरांतला निरोप त्या मुलाला नाहीतर नातीला वाचायला सांगतात. लिहिणारी एक असते आणि वाचणाऱ्या दीडशे असतात. लिहिणारीने वाचवलेले दहा सेकंद दीडशे जणींच्या प्रत्येकी अर्ध्या मिनिटावर जात असतील, तर त्याला जलद लिहिणे म्हणता येणार नाही. ज्यांना दिसत नाही आणि जे फोनकडून संदेश मोठ्याने वाचून घेतात, त्यांना तो इंग्रजी अक्षरांतले मराठी इंग्रजी उच्चारांनी वाचून दाखवतो, ज्यातून अर्थ लागत नाही. जुना संदेश शोधतानाही हेच होते, कारण ‘कापूस’ इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिला जातो आणि शोध घेताना नेमका कोणता प्रकार लिहावा हे कळत नाही.

एका बाबतीत मात्र सल्ला देणाऱ्यांचे म्हणणे मान्य केले पाहिजे. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरे १६० मावतात आणि देवनागरी ७० मावतात, त्यातही मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगवेगळे मोजले जातात. मेळघाट किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागात, जिथे इंटरनेट टिकत नाही आणि एसएमएसवरच भागवावे लागते, तिथे हा फरक खरोखर जाणवतो. तिथे मी निरोप आखूड करते, लिपी बदलत नाही. व्हॉट्सॲपवर ही अडचण नाही. देवनागरीचे एक चिन्ह साधारण तीन बाइट घेते, म्हणजे पाचशे चिन्हांचा मोठा संदेशही दीड किलोबाइटच्या आसपास राहतो, आणि सकाळच्या शुभेच्छांचे एक चित्र त्याच्या कितीतरी पट जागा घेते.

पाचवा मुद्दा बोलून लिहिण्याचा. २०१७ साली गूगलने बोलून टंकन करण्याच्या सोयीत मराठीचा समावेश केला, आणि ज्यांना लिहिता येत नाही किंवा ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे यात शंका नाही. पण तिने कीबोर्डची गरज संपत नाही. आपल्याकडे बोलताना ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘केळी’ची ‘केयी’ होते. यंत्राला प्रमाण उच्चाराची अपेक्षा असते, त्यामुळे वऱ्हाडीत बोललेले वाक्य वेगळेच उमटू शकते. ट्रॅक्टरच्या, मोटारपंपाच्या किंवा एसटी स्थानकाच्या आवाजात चुका आणखी वाढतात, आणि त्या दुरुस्त करायला शेवटी कीबोर्डच लागतो. फवारणीच्या निरोपात तर मी कधीच बोलून लिहीत नाही, कारण औषधाचे नाव आणि लिटरमागे किती मिली हा आकडा चुकून चालत नाही. बँकेच्या रकमा आणि कोणाच्या घरची उधारी चारचौघांत मोठ्याने बोलणेही बरे नाही.

वेगाविषयी बोलायचेच असेल तर मोजमाप झालेले आहे. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठाच्या आणि इतर संशोधकांनी २०१९ साली ३७,००० स्वयंसेवकांच्या मोबाईल टंकनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सरासरी वेग मिनिटाला सुमारे ३६ शब्द आला, दोन्ही अंगठ्यांनी लिहिणाऱ्यांचा सुमारे ३८. आपोआप दुरुस्ती वापरणारे अधिक जलद होते, आणि सुचवलेले शब्द निवडत बसणारे मात्र मंद. हा अभ्यास इंग्रजी वाक्यांवर झाला होता, म्हणून तो जसाच्या तसा मराठीला लावू नये. ‘ग्रामपंचायतीकडून’सारख्या लांब शब्दात चार अक्षरांनंतर आलेली सूचना उचलणे मला फायद्याचे वाटते, तर दोन-तीन अक्षरांच्या शब्दासाठी वर पाहूच नये. जी वाक्ये रोज लागतात, जसे गटाचे पूर्ण नाव, गाव-तालुका-जिल्ह्याचा पत्ता किंवा ‘मासिक बैठक दुपारी’, ती वैयक्तिक शब्दकोशात दोन अक्षरांच्या संक्षेपासह साठवावीत. पासवर्ड आणि आधार क्रमांक तिथे ठेवू नयेत. क्रमांक लिहिताना इंग्रजी अंक वापरावेत, कारण कित्येक ऑनलाइन अर्ज देवनागरी अंक स्वीकारत नाहीत.

नवीन सदस्येला मी सरावासाठी विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांची नावे रोज एकदा थेट देवनागरी कीबोर्डवर लिहायला सांगते: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम, बुलढाणा. त्यात अनुस्वार, रफार, जोडाक्षर, दोन्ही वेलांट्या, ण, ळ आणि ढ हे सगळे येऊन जाते. फक्त ‘ऱ्ह’ राहतो, म्हणून बारावा शब्द ‘पऱ्हाटी’ घ्यायचा.