वाळूच्या पिशव्या कोणी द्यायच्या?

जून उजाडला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक भांडण ठरलेलं. चिपळूणला दोन दिवस पाऊस लागला, वाशिष्ठीचं पाणी जरा चढलं की चुलतभाऊ लिहितो, "तुझं बरं आहे रे, तिकडे इंग्लंडात सरकार सगळं भरून देतं, आम्ही इथे घरपट्टी पण भरतो आणि चिखल पण आम्हीच उपसतो." त्यावर मामा लिहितात, "सरकार काय करणार, नदीकाठी भराव घातले कोणी?" मग धरणाचं पाणी, गाळ, नगरपरिषद, आमदार, रात्री दीड वाजेपर्यंत चालू. दोघंही माझीच माणसं, दोघांच्याही घरात २०२१ च्या पुराचं पाणी होतं, म्हणून मी ग्रुपवर गप्प बसतो. पण दोघांचंही कुठेतरी चुकतंय आणि ती चूक आपल्याला फार महागात पडते असं मला वाटतं, म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट, इथलं सरकार सगळं भरून देत नाही. मी २०१३ पासून इंग्लंडच्या उत्तरेला कंब्रियात राहतो. डोंगर, नदी, पाऊस, सगळं ओळखीचं, फक्त इथला पाऊस बारीक आणि बाराही महिने. डिसेंबर २०१५ मध्ये डेस्मंड नावाचं वादळ आलं आणि होनिस्टर खिंडीत २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस पडला, ब्रिटनमध्ये तोपर्यंत २४ तासांत एवढा पाऊस कधी मोजलाच गेला नव्हता. कोकणात जुलैत असा एखादा दिवस येऊन जातो, पण इथल्या नद्यांना तो झेपला नाही. कार्लाइल शहरात तर जानेवारी २००५ च्या पुरानंतर कोट्यवधी पाउंड खर्चून पूरभिंती बांधल्या होत्या, त्यांच्यावरून पाणी आत आलं.

त्या संध्याकाळी माझ्या शेजारच्या आजी, वय सत्तरीच्या पुढे, काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपरिषदेला, फोन लावून वाळूच्या पिशव्या मागत होत्या. मी त्यांच्याच दारात उभा होतो. पलीकडची बाई शांतपणे सांगत होती की आमच्याकडच्या पिशव्या संपल्यात, आणि खरं तर त्या देणं आमच्यावर बंधनकारक नाही, आपलं घर वाचवायची जबाबदारी घरमालकाची असते. आजी म्हणाल्या, मी चाळीस वर्षं काउन्सिल टॅक्स भरतेय. अगदी आमच्या चुलतभावाचंच वाक्य! शेवटी मी आणि त्यांच्या मुलाने कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत बागेतली माती भरून दाराशी रचल्या, वर जुनी गोधडी कोंबली, तरी पहाटे चार वाजता पाणी स्वयंपाकघराच्या फरशीतून वर आलं, दारातून नाहीच.

नंतर मी मुद्दाम वाचलं तर ती फोनवरची बाई बरोबर होती. इंग्लंडमध्ये पिशव्या देणं कायद्याने कोणाच्याही गळ्यात नाही. एवढंच काय, पर्यावरण खात्याची जी एजन्सी पूरभिंती बांधते तिलाही कायद्याने अधिकार दिलाय, सक्ती नाही, ती बांधू शकते पण बांधलीच पाहिजे असं नाही. नदी ज्याच्या जमिनीला लागून, त्याच्यावर काठाची जबाबदारी. नुकसान भरून निघतं ते विम्याने. पूर येणाऱ्या घरांना परवडेल असा विमा मिळावा म्हणून २०१६ पासून फ्लड री नावाची योजना आहे, पण ती फक्त २००९ च्या आधी बांधलेल्या घरांना, आणि दुकानांना तर नाहीच. म्हणजे माझ्या दादाचं दुकान इथे असतं तर त्याला या योजनेतून काही मिळालं नसतं. २०१५ नंतर सरकारने पुढच्या पुराची तयारी करायला ५,००० पाउंडांपर्यंत ग्रँट दिली हे खरं, पण ती त्या वेळची योजना होती, कोणाचा कायमचा हक्क नव्हता.

आता दादाचं सांगतो. चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं स्टेशनरीचं दुकान, वडिलांच्या वेळचं. २२ जुलै २०२१ च्या पहाटे पाणी भरायला लागलं तेव्हा दादा दुकानात माल वर चढवत होता, मग जिना बंद झाला आणि तो पोटमाळ्यावर अडकला. मला फोन आला तेव्हा इथे रात्र होती, त्याच्या मोबाईलची बॅटरी ४ टक्के, एवढंच म्हणाला, "आईला सांगू नको, मी वर आहे," आणि फोन बंद. दुसऱ्या दिवसापर्यंत काही कळलं नाही. पाणी उतरल्यावर त्याने जे फोटो पाठवले त्यात वह्यांचे गठ्ठे भिजून इतके फुगले होते की लोखंडी रॅक मधून वाकून फुटले होते. भिंतीवर चिखलाची रेघ, दादाच्या डोक्याच्या हातभर वर.

पाचव्या दिवशी पंचनामा झाला. तलाठ्याच्या स्वतःच्या घरात पाणी होतं आणि तो बिचारा रबरी चप्पल घालून दुकान दुकान फिरत होता. दादाने यादी दिली, सात लाखांच्या वर. आणि इथेच तो घोळ सुरू झाला जो कोकणात प्रत्येक आपत्तीनंतर होतो, निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडला, श्रीवर्धनला पण झाला. दादा धरून चालला की पंचनाम्यात सात लाख लिहिले म्हणजे सरकार सात लाख देणं लागतं. पंचनामा ही नुकसानीची नोंद असते, रक्कम ठरते शासन निर्णयाने, आणि त्या वेळी सरकारने जाहीर केलं दुकानदाराला जास्तीत जास्त ५० हजार, टपरीवाल्याला १० हजार. तिला मदत म्हणतात, भरपाई नाही. दादा सहा महिने त्या तलाठ्यावर डाफरत होता, "तुम्ही नीट लिहिलं नाही." त्याने नीटच लिहिलं होतं.

म्हणून मामांचं बरोबर का? नाही. मामा म्हणतात सरकार देईल ते उपकार समजून घ्यावं. हेही तितकंच चूक आहे, आणि मला ते जास्त टोचतं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे, त्याच्या कलम १२ मध्ये २०२१ ला लिहिलेलं होतं की राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मदतीच्या किमान दर्जाची मार्गदर्शक तत्त्वं सुचवावीत, त्यात जीवितहानीसाठीचं सानुग्रह अनुदान येत होतं, घराचं नुकसान आणि उपजीविका पण येत होती. चिपळूण बुडायच्या तीनच आठवडे आधी, ३० जून २०२१ ला, सुप्रीम कोर्टाने कोविडच्या मृत्यूंबाबत हेच कलम धरून सांगितलं की हे प्राधिकरणाच्या मर्जीवर नाही, हे करावंच लागेल, फक्त आकडा किती ते आम्ही ठरवणार नाही. त्यातूनच पुढे कोविडच्या प्रत्येक मृत्यूमागे ५० हजार रुपये ठरले. म्हणजे दर्जा ठरवणं हे कर्तव्य, पण तुमच्या यादीतली रक्कम देणं हे कर्तव्य नाही. या दोन वाक्यांच्या मधलं अंतर ज्याला कळलं तो योग्य दार ठोठावतो, बाकी सगळे तलाठ्याशी भांडतात.

त्याच कायद्यात अजून एक गंमतीची नाही तर गंभीर गोष्ट आहे. जिल्हा प्राधिकरणाची कामं सांगणारी कलम ३० मधली लांबलचक यादी, ज्यात लोकांना आधी इशारा देण्याची यंत्रणा उभी करणं वगैरे येतं, ती "करू शकेल" या भाषेत आहे. पण लगेच पुढचं कलम ३१ म्हणतं, प्रत्येक जिल्ह्याला आपत्ती आराखडा असलाच पाहिजे आणि दरवर्षी तो तपासून अद्ययावत झालाच पाहिजे. मग कोणती गोष्ट घट्ट धरायची? आराखडा. त्यात लिहिलेलं असतं कोणी कोणाला कळवायचं. कोयनेत वीज करून सुटलेलं पाणी कोळकेवाडीकडून वाशिष्ठीत येतं हे चिपळूणच्या शाळकरी पोराला पण माहीत आहे, त्या दिवशी त्या पाण्याने पूर वाढला की नाही यावर आजही भांडणं होतात, पण पाणी सोडायच्या किती आधी, कोणत्या ऑफिसने, कोणाला, कसं कळवायचं होतं हे ग्रुपवर एकालाही सांगता आलं नाही. मलाही नाही.

निळ्या आणि लाल पूररेषेचं तसंच. लोक नगरपरिषदेत जाऊन "रेषा पुसा" म्हणतात, पण पूररेषा आखतं जलसंपदा खातं, निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांच्या पुराची, नगरपरिषद फक्त बांधकाम परवानगी देताना ती पाळते. रेषा चुकली असं वाटत असेल, आणि काही ठिकाणी लोकांचं म्हणणं मला पटतं, तर मोजणी कुठल्या पुलाच्या आणि कुठल्या गाळाच्या पातळीवर केली हे आखणाऱ्याला विचारायला हवं.

इथलं मला खरंच काही उचलून न्यावंसं वाटत असेल तर ते पैसे नाहीत, एक कागद आहे. २०१० च्या पूर कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मोठा पूर आला की स्थानिक प्राधिकरणाने गरज वाटेल तेवढी चौकशी करून जाहीर करायचं असतं की या पुरात कोणत्या संस्थेकडे कोणतं काम होतं आणि ते तिने केलं का. बस, एवढंच. दोषी कोण, पैसे किती, ते त्यात नाही. डेस्मंडनंतर आमच्या भागातले अहवाल आले तेव्हा शेजारच्या आजींनी मोठा चष्मा लावून वाचला, त्यांच्या गल्लीच्या गटाराचं काम कोणाचं हे त्यांना सत्तरीत पहिल्यांदा कळलं, आणि मग त्या पिशव्यांसाठी फोन करायच्या बंद झाल्या, गटारासाठी पत्रं लिहू लागल्या. दोन वर्षं लागली, पण झालं गटार. चिपळूणच्या लोकांनी २०२१ च्या डिसेंबरात गाळ काढावा म्हणून साखळी उपोषण केलं आणि गाळ उपसायला लावला, तेव्हा जिद्द आपल्याकडे कमी आहे असं मी म्हणूच शकत नाही. एक मागणी, एक खातं, म्हणून ते जमलं.

या एप्रिलमध्ये मी सुट्टीवर गेलो तेव्हा दादाला घेऊन आम्ही त्या इशाऱ्याबद्दल विचारायला गेलो. एका सरकारी ऑफिसात सांगितलं, "हे आमच्याकडे येत नाही, तिकडे जा." तिकडे गेलो, त्यांनी तिसरीकडे पाठवलं. दादा वैतागून म्हणाला चल घरी. पण माहिती अधिकारात असं पाठवता येत नाही, लेखी अर्ज आला आणि विषय दुसऱ्या खात्याचा असला तर ज्याच्याकडे अर्ज आला त्यानेच तो पाच दिवसांत पुढे पाठवायचा असतो, नागरिकाने दारोदार फिरायचं नसतं. हे कर्तव्य आहे, उपकार नाही. रात्री जेवणं झाल्यावर ओटीवर बसून आम्ही अर्ज लिहिला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प वहिनीने कपाटातून काढून दिला. प्रश्न तीनच. जिल्ह्याचा आराखडा शेवटचा कधी अद्ययावत झाला, वाशिष्ठीकाठच्या वस्तीला इशारा द्यायचं काम त्यात कोणत्या पदावर आहे, आणि २२ जुलै २०२१ ला त्या पदावरून कोणाला किती वाजता कळवलं गेलं.

पोच मिळाल्याचा फोटो दादाने ग्रुपवर टाकला. चुलतभावाने विचारलं, "तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर?" तर पहिलं अपील, मी लिहिलं. मामांनी बराच वेळ काही लिहिलं नाही, मग विचारलं, आमच्या खेर्डीच्या नाल्याचं पण त्यातच घालता आलं नसतं का. नसतं, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. त्यांचा वेगळा अर्ज मी टाईप करून पाठवलाय, सही करून ते सोमवारी देणार आहेत.