डास सोडायची गरज ठाण्यात कुणाला आहे?

रविवारी दुपारी ऐरोलीहून वहिनीचा फोन. "ताई, मी त्याचं आधार कार्ड लपवून ठेवलंय." त्याचं म्हणजे माझ्या पुतण्याचं. वय 25, नोकरीला लागलेला, आपलं कार्ड आपण सांभाळण्याइतका मोठा. गुन्हा एवढाच, की लशीच्या चाचणीसाठी निरोगी माणसं घेतात असं कुठेतरी वाचून त्यानं जेवताना विचारलं, "नाव देऊ का?" त्याच रात्री सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज येऊन पडला. झालं! वहिनीला वाटलं, देवानंच पाठवला.

तुमच्याकडेही आला असेल. डेंग्यूच्या नव्या लशीसाठी माणसं गोळा करताहेत. अर्ध्यांना लस, अर्ध्यांना नुसतं पाणी टोचतात आणि मग सगळ्यांवर डेंग्यूचे डास सोडतात. एकदा सही केली की बाहेर पडता येत नाही. मेलात तर घरच्यांना दमडी नाही. पन्नास हजारांना भुलू नका. फिलिपिन्समध्ये मुलं मेली. आणि अर्थातच, दहा जणांना पाठवा.

मी शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर काही वर्षं एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर होते, म्हणजे माणसांवरच्या चाचण्या रीतसर होतात का ते बघणाऱ्या समितीवर. अशा कमिटीत कायद्यानं किमान सात जण लागतात आणि त्यात एक जण अगदी सामान्य माणूस लागतो, डॉक्टर नाही, वकील नाही. ती मी. माझं काम मुख्यतः संमतीपत्राचं मराठी वाचणं आणि कपाळाला हात लावणं. त्यामुळे हा मेसेज वाचून मला भीती नाही वाटली, चीड आली.

आधी डास. अहो, डेंग्यूचे डास सोडायला ठाण्यात कंपनी कशाला लागते? पावसाळ्यात कळव्याच्या कुठल्याही गच्चीवरची उघडी टाकी बघा, कूलरचं पाणी बघा, कुंडीखालची बशी बघा. डास सोडता येत नाहीत म्हणूनच तर चाचण्या एवढ्या मोठ्या असतात. आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था आणि पॅनेशिया बायोटेक ही कंपनी, या दोघांची 'डेंगीऑल' ही लस घ्या. तिच्या तिसऱ्या टप्प्यातला पहिला डोस ऑगस्ट 2024 मध्ये रोहतकला दिला गेला. ठरलेली संख्या 10,335 निरोगी प्रौढ, 19 केंद्रं, 18 राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश. प्रत्येकावर दोन वर्षं लक्ष ठेवायचं. एवढी माणसं, एवढी वर्षं कशाला? कारण माणसं टोचून घेतात, घरी जातात, नेहमीसारखी लोकल पकडतात, आणि वाट बघायची की रोजच्या जगण्यात कुणाला डेंग्यू होतो. कुणी डास चावायला लावले असते तर पन्नास माणसांत काम भागलं असतं.

आता इथे मला एक कबुली द्यावी लागते. असं काम खरंच भागवलेलं आहे, आणि तेही याच लशीच्या कुळात. डेंगीऑलचं मूळ बियाणं अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेचं. तिथे 41 स्वयंसेवकांना मुद्दाम सौम्य केलेला डेंग्यूचा विषाणू टोचला होता. 2016 मध्ये ते छापून आलं. लस घेतलेल्या 21 पैकी कुणालाच संसर्ग झाला नाही, न घेतलेल्या सगळ्या 20 जणांना संसर्ग झाला. पण डास नव्हते, सुई होती. लपवाछपवी नव्हती, काय टोचणार हे त्यांना आधी सांगितलेलं होतं. मेसेज लिहिणाऱ्यानं हे वाचलं असेल का? मला नाही वाटत. त्याचा अंधारात मारलेला दगड एका खऱ्या खिडकीजवळून गेला, इतकंच.

'पाणी टोचतात' यात लपवण्यासारखं काही नाही. संमतीपत्रात ते छापलेलंच असतं: तुम्हाला लस मिळेल किंवा लस नसलेलं इंजेक्शन, आणि कोणतं ते तुम्हालाही कळणार नाही, टोचणाऱ्यालाही नाही. आमच्याकडे एका मसुद्यात याला 'यादृच्छिकीकृत द्विअंध पद्धत' म्हटलं होतं. मी विचारलं, "हे कळव्याच्या रिक्षावाल्याला वाचून दाखवा आणि त्यानं काय ऐकलं ते मला सांगा." पुढच्या खेपेला 'नाणेफेकीसारखं' असं लिहून आलं. तेव्हा पाण्याबद्दल संशय घेण्यापेक्षा मराठीबद्दल घ्या, ती तक्रार रास्त आहे.

सही केली की सुटका नाही? साफ खोटं. आणि सगळ्यांत घातक, कारण यामुळे आत असलेला माणूसही त्रास झाला तरी गप्प बसतो. कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं, आणि त्यापायी तुमचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत.

दमडीचा मुद्दा मात्र मी वहिनीला कागद-पेन घेऊन बसवून सांगितला. 2019 चे 'नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम' आहेत, सरकारी राजपत्रातले. गंभीर दुष्परिणाम झाला की चाचणी करणाऱ्या डॉक्टरनं 24 तासांत केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणा, कंपनी आणि एथिक्स कमिटी या तिघांना कळवायचं. उपचारांचा खर्च कंपनीचा. मृत्यू चाचणीमुळे झाला असं ठरलं तर भरपाईचं सूत्रच दिलेलं आहे: 8 लाख हा पाया, गुणिले वयाचा आकडा, गुणिले जोखमीचा आकडा, भागिले 99.37. मरणाच्या दारातल्या रुग्णाला जोखमीचा आकडा अर्धा, निरोगी स्वयंसेवकाला थेट 4. पंचविशीतल्या वयाचा आकडा 216.91. करा गुणाकार. जवळपास 70 लाख येतात. आदेश निघाल्यावर 30 दिवसांत भरायचे. वहिनी म्हणाली, "माझ्या मुलाची किंमत काढतेस?" मी म्हटलं, "मी नाही गं, तुझा मेसेज काढतोय, तीही शून्य."

कागदावरचं सगळं प्रत्यक्षात होतंच असं मी म्हणणार नाही. मृत्यू 'चाचणीमुळे' झाला की नाही यावरच खरी लढाई होते. आणि 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या, आताच्या तेलंगणातल्या खम्मममध्ये मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देताना कित्येक संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्या होत्या. त्याला 'प्रात्यक्षिक प्रकल्प' असं गोंडस नाव दिलेलं. त्यातल्या काही मुली दगावल्या. ते मृत्यू लशीमुळे झाल्याचं सिद्ध झालं नाही, पण संसदीय समितीनं 2013 च्या अहवालात त्या सह्यांवरून प्रकल्प चालवणाऱ्यांना झोडपलं, आणि योग्यच केलं. नियम कडक झाले ते अशाच प्रकरणांनंतर.

पन्नास हजार म्हणे! लशीच्या चाचणीत येण्याजाण्याचा खर्च, बुडालेली रोजंदारी, एवढंच. तो आकडाही कमिटी तपासते. औषधाची गोळी देऊन दोन-तीन दिवस ठेवून रक्त घेतात, त्या वेगळ्या अभ्यासात निरोगी पोरांना बऱ्यापैकी पैसे मिळतात आणि काही जण तोच धंदा करतात, हे खरंय. पण दोन्हींची खिचडी करू नका.

राहिलं फिलिपिन्स. तिथे चाचणी नव्हती, एप्रिल 2016 पासून सरकारी मोहीम होती, डेंगव्हॅक्सिया या दुसऱ्याच लशीची. 8 लाखांहून जास्त मुलांना ती दिली. नोव्हेंबर 2017 मध्ये खुद्द कंपनीनं सांगितलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेलाच नाही, त्यांना लशीनंतर तो झाला तर जास्त गंभीर होऊ शकतो. मोहीम बंद पडली, खटले चालले. धोका खरा होता. पण तो कळला कसा? त्या लशीच्या आधी झालेल्या चाचण्यांतल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला होता आणि त्यांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. ते पुन्हा तपासले तेव्हा. चूक मोहिमेची घाई करणाऱ्यांची. ती पकडून दिली ती स्वयंसेवकांनी.

पुतण्याला मी जा म्हटलेलं नाही आणि नको जाऊसही म्हटलेलं नाही. म्हटलं, संमतीपत्र घरी आण, रात्री माझ्याकडे ठाण्याला ये, आपण दोघं वाचू. त्यावर सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा क्रमांक आहे का, एथिक्स कमिटीचा फोन नंबर आहे का, सही केलेली प्रत हातात देतात का, एवढं बघू. प्रत देत नसतील तर उठून यायचं.

आधार कार्ड तांदळाच्या डब्यात आहे. त्याला माहीत आहे, वहिनीला माहीत नाही की त्याला माहीत आहे.